पहिल्या स्पंदापाशी थांबू नये

भोसरी, चाकण, वाळूज अथवा शिरोली यांसारख्या औद्योगिक वसाहतींतील पत्रेकामाच्या बऱ्यापैकी कारखान्यात आज फायबर लेसरचे कटिंग मशीन सर्रास आढळते, आणि ज्या कामाला पूर्वी पंचिंग प्रेस, गॅस कटर आणि कानशीने कडा घासणारे दोन हात लागत, ते काम नायट्रोजनच्या फवाऱ्यासह उतरणारा, डोळ्यांना न दिसणारा प्रकाशाचा बारीक झोत काही सेकंदांत उरकतो. त्या मशीनचा सांगाडा, टेबल, चिलर, विजेचे पॅनेल यांपैकी पुष्कळ भाग आता आपल्याकडे बनतात; परंतु ज्याच्यामुळे ते मशीन लेसरचे ठरते तो ‘सोर्स’, म्हणजे काचेच्या तंतूत प्रकाश निर्माण करून तो वाढविणारा मूळ गाभा, बहुतांशी परदेशातून पेटीबंद होऊन येतो. दुसरीकडे, याच तंत्रविद्येच्या अत्यंत पुढच्या टोकाला, म्हणजे नॅनोपदार्थांच्या साह्याने फायबर लेसरमधून अतिसूक्ष्म कालावधीचे स्पंद मिळविण्याच्या विषयात, आपल्या विद्यापीठांतील आणि राष्ट्रीय प्रयोगशाळांतील अभ्यासकांचे शोधनिबंध वर्षानुवर्षे प्रसिद्ध होत आहेत. या दोन वस्तुस्थितींमधील अंतर बुद्धीच्या अभावी पडलेले नाही, आणि केवळ द्रव्याच्या अभावीही पडलेले नाही. संशोधनाचे काम नेमके कोठे पुरे झाले असे मानावयाचे, याविषयी आपण करून घेतलेल्या समजुतीमुळे ते पडले आहे, असे माझे स्पष्ट मत आहे, आणि ते मत सप्रमाण मांडणे हा या लेखाचा उद्देश आहे.

या विद्येचा इतिहास फार जुना नाही. १९६० च्या मे महिन्यात कॅलिफोर्नियात थिओडोर मेमन यांनी माणकाच्या कांडीतून पहिला लेसर प्रकाश मिळविला आणि पुढच्याच वर्षी एलायस स्निट्झर यांनी निओडिमियम मिसळलेल्या काचेतून तोच परिणाम साधला. पण त्या काळची काच इतकी अशुद्ध होती, की तिच्यातून प्रकाश फार दूर जात नसे. १९६६ साली चार्ल्स काओ यांनी हा दोष काचेच्या मूळ प्रकृतीचा नसून तिच्यातील मळाचा आहे असे साधार प्रतिपादन केले, १९७० साली अमेरिकेतील कॉर्निंग कंपनीच्या शास्त्रज्ञांनी तशी निर्मळ काच तंतुरूपाने ओढून दाखविली, आणि १९८५ ते १९८७ या काळात इंग्लंडमधील साउदॅम्प्टन विद्यापीठात डेव्हिड पेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अर्बियम मिसळलेल्या तंतूत लेसर निर्माण करता येतो व वाहता प्रकाश वाटेतच वाढविता येतो हे सिद्ध केले. या इतिहासात भारतीय नावे नाहीत असे मुळीच नाही. मोगा येथे जन्मलेले नरिंदर सिंग कपानी यांनी लंडनमध्ये हॅरोल्ड हॉपकिन्स यांच्यासह १९५४ साली काचतंतूंच्या जुडीतून प्रतिमा वाहून नेता येते हे दाखविले. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२८ साली शोधलेल्या परिणामाच्या आधारावर आज रामन फायबर लेसर चालतात. आणि १९६२ साली अर्धवाहक लेसरचा शोध लागल्यानंतर अवघ्या काही वर्षांत तुर्भ्याच्या अणुशक्ती केंद्रातील शास्त्रज्ञांनी गॅलियम आर्सेनाइडचा लेसर स्वतः बनवून त्याच्या प्रकाशावर तुर्भे आणि कुलाब्याची टाटा मूलभूत संशोधन संस्था यांच्यामध्ये संदेशवहन करून दाखविले. म्हणजे आरंभ करण्यात आपण मागे नव्हतो. आरंभानंतर जे दीर्घ, कष्टाचे आणि बाहेरून नीरस वाटणारे काम असते, ते मात्र आपल्या हातून सुटले.

ते काम कोणते, हे कळण्यासाठी स्पंद देणारा फायबर लेसर जवळून पाहिला पाहिजे. टेबलावर काचतंतूचे वेटोळे असते. ९८० नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश त्यात ढकलणारा पंप डायोड असतो. प्रकाशाने एकाच दिशेने फिरावे म्हणून आयसोलेटर, आणि सिद्ध झालेल्या प्रकाशाचा काही हिस्सा बाहेर घेण्यासाठी कपलर असतो. आणि दोन कनेक्टर जेथे समोरासमोर येतात तेथे, अडीच मिलिमीटर व्यासाच्या पांढऱ्या सिरॅमिक फेरूलच्या तोंडावर, एक पातळ करडा पापुद्रा ठेवलेला असतो. त्या पापुद्र्यात कार्बनच्या नलिका किंवा ग्राफीनचे थर असतात. वेटोळ्याची एकूण लांबी १० मीटर धरली तर प्रकाश त्यात सेकंदाला सुमारे २ कोटी फेऱ्या घालतो, आणि प्रत्येक फेरीत त्याला त्या पापुद्र्यातून जावे लागते. मंद प्रकाश पापुद्रा शोषून घेतो. परंतु प्रखर प्रकाश आला की इलेक्ट्रॉन वरच्या पातळीवर चढून तेथील जागा भरून टाकतात, आणखी शोषण्यास वावच राहत नाही, आणि उरलेला प्रकाश विनासायास पार होतो. देवळाच्या दारातील चोपदार एकट्यादुकट्याला अडवू शकतो, पण सबंध दिंडी एकदम आत शिरली की त्याचे काही चालत नाही, तसाच हा प्रकार. फेरीमागून फेरी मंद भाग गळत जातो, प्रखर भाग टिकून राहतो, आणि अखेर सलग प्रकाशाऐवजी वलयात एक आखूड, तीव्र स्पंद फिरू लागतो, ज्याचा कालावधी फेम्टोसेकंदांत, म्हणजे सेकंदाच्या अब्जांशाच्याही दशलक्षांश भागांत, मोजावा लागतो. ऑसिलोस्कोपच्या पडद्यावर समान अंतराने उभ्या राहिलेल्या टोकदार रेषांची ती रांग प्रथम दिसते तो क्षण संशोधकाच्या आयुष्यातला खराखुरा आनंदाचा क्षण असतो, यात शंका नाही.

हा पापुद्रा कशाचा करावा, या प्रश्नाचा गेल्या तीन दशकांचा प्रवास उद्बोधक आहे. १९९२ साली उर्सुला केलर यांनी अर्धवाहकाच्या अतिशय पातळ थरांचा आरसा या कामासाठी योजिला. तो उत्तम चालतो, परंतु निर्वात कोठडीत अणूंचे थर एकावर एक चढवून तो घडवावा लागतो, त्यामुळे महाग पडतो, आणि प्रकाशाच्या ठरावीक पट्ट्यातच उपयोगी पडतो. २००३-०४ च्या सुमारास जपानमधील संशोधकांनी त्या जागी कार्बनच्या नलिका वापरून दाखविल्या. २००४ साली आंद्रे गाइम आणि कॉन्स्टंटिन नोव्होसेलोव्ह यांनी ग्राफीन हाती आणले. अणूएवढ्या जाडीचा त्याचा एक थर, प्रकाशाचा रंग कोणताही असो, सुमारे २.३ टक्के प्रकाश शोषतो असे २००८ साली आढळले. आणि २००९ साली सिंगापूर व केंब्रिज येथील गटांनी ग्राफीनच्या योगाने फायबर लेसरमधून स्पंद मिळविले. त्यानंतर तर पदार्थांची रीघच लागली. बिस्मथ टेल्युराइड, मॉलिब्डेनम डायसल्फाइड, काळा फॉस्फरस, मॅक्सीन, अशी एकेका वर्षाला एकेका पदार्थाची चलती झाली, आणि प्रत्येकाच्या नावे जगभर शेकडो निबंध लिहिले गेले, ज्यांत आपल्या देशाचाही वाटा आहे. पद्धत सगळीकडे तीच: नवा पदार्थ घ्यावा, त्याचा पापुद्रा करावा, फेरूलवर ठेवावा, स्पंद मिळाला की आलेख काढावा, निबंध धाडावा आणि पुढच्या पदार्थाकडे वळावे.

एवढ्या उद्योगानंतर औद्योगिक वापरासाठी विकल्या जाणाऱ्या फेम्टोसेकंद लेसरची पेटी उघडून पाहिली तर आत काय सापडते? कार्बन नलिकांवर चालणारी काही यंत्रे बाजारात आली हे खरे. परंतु बहुतेक ठिकाणी केलर यांच्या परंपरेतला अर्धवाहक आरसाच असतो, नाहीतर पापुद्र्याला सर्वस्वी फाटा देऊन, काचतंतूच्याच अंगभूत गुणधर्मावर चालणारी वळशाची रचना असते. याचे कारण नॅनोपदार्थ निकामी आहेत असे नव्हे. कारण असे, की ज्या प्लास्टिकसारख्या माध्यमात नलिका गोठविलेल्या असतात ते माध्यम ओलावा धरते आणि उष्णतेने मऊ पडते. काचतंतूचा प्रकाश वाहणारा गाभा जेमतेम ८-९ मायक्रॉन रुंदीचा असल्यामुळे सगळी तीव्रता एका बिंदूवर एकवटते आणि पापुद्रा तेवढ्या जागी जळून जातो. काळा फॉस्फरस तर हवा, दमटपणा आणि प्रकाश यांच्या संगतीत अल्पावधीत विटतो. आणि आज केलेला पापुद्रा व पुढच्या महिन्यात केलेला पापुद्रा यांचे गुणधर्म जुळतीलच अशी खात्री देता येत नाही. यांवर इलाज नाहीत असेही नाही. तंतूची एक बाजू घासून किंवा तो तापवून, ताणून बारीक करून त्याच्या अंगाला पदार्थाचा लेप दिला, तर प्रकाशाची केवळ किनार त्या पदार्थाला स्पर्शते आणि जळण्याचे भय कमी होते. सेंद्रिय माध्यमाऐवजी काचेचे माध्यम वापरता येते. हवाबंद आवरण देता येते. हे इलाज ज्ञात आहेत. परंतु त्यांच्यापैकी एखादा हाती घेऊन, तोच पदार्थ, तीच रचना, सहस्र तास अखंड चालवून, तिच्यात काय झिजले, का झिजले आणि ते कसे टाळता येईल याचा तपशीलवार हिशेब मांडण्याचे काम फारच थोडे लोक करतात, कारण त्या कामाला आजच्या गुणांकनात किंमत नाही. स्पंद एक मिनिट टिकला काय आणि एक वर्ष टिकला काय, निबंध एकच धरला जातो. ही मोजपट्टी चुकीची आहे आणि ती बदलली पाहिजे.

नॅनोपदार्थांचा दुसरा उपयोग याहून कमी चमकदार, पण माझ्या दृष्टीने अधिक मूलगामी आहे; तो म्हणजे काचेच्या पोटातच त्यांना स्थान देणे. लेसरचा तंतू ज्या कांडीपासून ओढतात तिला प्रीफॉर्म म्हणतात. शुद्ध सिलिकाची नळी लेथसारख्या यंत्रावर फिरत ठेवून आतून सिलिकॉन टेट्राक्लोराइडची वाफ सोडतात आणि बाहेरून ज्योत फिरवितात. आतल्या भिंतीवर पांढऱ्या काजळीचा सच्छिद्र थर बसतो. तो थर अर्बियम किंवा इटर्बियमच्या क्षाराच्या द्रावणात भिजवून वाळवितात, भाजून पारदर्शक करतात, आणि शेवटी सुमारे २,००० अंशांच्या पलीकडे तापवून नळी मिटवितात, की भरीव कांडी तयार होते. मग उंच मनोऱ्याच्या माथ्यावर ती वितळवून खाली १२५ मायक्रॉन जाडीचा, म्हणजे केसाहून किंचित जाड, तंतू ओढतात. अडचण अशी, की शुद्ध सिलिकाच्या चौकटीत हे विरल मृदा आयन सुखाने सामावत नाहीत. ते परस्परांना चिकटून पुंजके करतात, एकमेकांची ऊर्जा आपसांत संपवून टाकतात, आणि अधिक मात्रेच्या इटर्बियमी तंतूत तर काच हळूहळू काळवंडून शक्ती घटत जाते. त्यावर उपाय म्हणून ॲल्युमिनियम वा फॉस्फरस मिसळतात, किंवा प्रत्येक आयनाला ॲल्युमिनासारख्या ऑक्साइडच्या नॅनोकणात बसवून त्याचे स्वतंत्र घर करून देतात, आणि ते कण काचेत विखुरतात. काचेतील नॅनोस्फटिकांचे सामर्थ्य जुनेच आहे. अलेक्सेई एकिमोव्ह यांनी १९८१ साली रंगीत काचेतच ते ओळखले आणि त्याबद्दल त्यांना २०२३ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. आपल्याकडे कोलकात्याच्या केंद्रीय काच व सिरॅमिक संशोधन संस्थेने विरल मृदायुक्त तंतू आणि असे नॅनोरचित तंतू घडविण्याचे काम अनेक वर्षे निष्ठेने चालविले आहे, आणि इंदूरच्या राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रात, ज्याचा पाया डॉ. दिलीप भवाळकर यांच्या नेतृत्वाखाली घातला गेला, फायबर लेसर सिद्ध झाले आहेत. म्हणजे विद्या देशात आहे. तिची मोठ्या प्रमाणावर, ठरलेल्या दर्जाने आणि ठरलेल्या मुदतीत वस्तू बनविण्याची व्यवस्था मात्र नाही.

या व्यवस्थेची निकड केवळ राष्ट्राभिमानाची नाही. मूत्रपिंडातील खडा फोडण्यासाठी अलीकडे थुलियमयुक्त फायबर लेसर वापरतात. त्याची १,९४० नॅनोमीटरची तरंगलांबी पाणी फार वेगाने शोषून घेते, त्यामुळे दीड-दोनशे मायक्रॉनच्या बारीक तंतूतून शक्ती नेऊन खड्याची पूड करता येते. हे उपकरण जिल्हा रुग्णालयाच्या अंदाजपत्रकात बसेल अशा किमतीला मिळाले, तर मुतखड्याने तळमळणाऱ्या सामान्य शेतकऱ्याला मुंबई-पुण्याची वाट धरावी लागणार नाही. पुण्याच्या आयुका संस्थेत इटर्बियमच्या आयनावर आधारलेल्या अत्यंत अचूक घड्याळाचे काम चालू आहे. अशा घड्याळांचे ठोके मोजण्यासाठी जी प्रकाशाची मोजपट्टी लागते, तिच्या गाभ्याशी बहुधा हाच फेम्टोसेकंद फायबर लेसर असतो. राष्ट्रीय क्वांटम मिशनसाठी २०२३ साली सुमारे ६,००० कोटी रुपयांची तरतूद मंजूर झाली. तिचा किती अंश परदेशी लेसर आयात करण्यात खर्ची पडणार, हा प्रश्न विचारण्याचा अधिकार करदात्याला आहे.

यावर दोन आक्षेप संभवतात आणि दोन्ही विचारार्ह आहेत. पहिला असा, की मूलभूत संशोधनाला यंत्राच्या जोखडाला जुंपू नये. जिज्ञासेला मोकळे रान हवे. हे मला सर्वथा मान्य आहे. परंतु पापुद्रा का जळला, नलिका कोणत्या क्रमाने ढासळल्या, काच का काळवंडली, हे प्रश्न जिज्ञासेच्या कक्षेबाहेरचे आहेत असे कोणी ठरविले? पदार्थाचे खरे स्वरूप त्याच्या पहिल्या यशापेक्षा त्याच्या अपयशात अधिक उघड होते, आणि काओ यांची कीर्ती काच का हरते या प्रश्नाच्या चिकाटीने घेतलेल्या शोधातूनच उदयास आली. दुसरा आक्षेप व्यवहारवाद्यांचा: जी वस्तू बाहेर स्वस्त मिळते ती घरी महाग का करावी? पत्रा कापण्याच्या सोर्सपुरता हा युक्तिवाद आज तरी बलवान आहे हे मी नाकारीत नाही. परंतु विशेष तंतू, विशेष स्पंद आणि उच्च शक्तीचे लेसर यांचा व्यापार मोकळा नसतो. देणाऱ्याच्या मर्जीवर आणि त्याच्या सरकारच्या परवान्यावर तो चालतो. १९९३ साली क्रायोजेनिक इंजिनाचे तंत्र देण्याचा करार कसा मोडला गेला आणि १९९८ च्या अणुचाचणीनंतर साध्या वैज्ञानिक साहित्यावर कशी बंदी आली, याची आठवण ज्यांना आहे त्यांना हे वेगळे सांगावे लागू नये.

तेव्हा करावे काय? प्रथम, अनुदानाच्या अटी बदलाव्यात. २००७ साली नॅनो मिशन सुरू झाले तेव्हा ५ वर्षांसाठी १,००० कोटी रुपयांची तरतूद झाली आणि त्यातून देशात माणसे व उपकरणे उभी राहिली, हे त्या योजनेचे श्रेय आहे. पुढच्या टप्प्यात मात्र प्रत्येक मंजूर प्रकल्पात टिकाऊपणाच्या कसोटीसाठी मुदत आणि रक्कम राखून ठेवावी, कोकणातील पावसाळ्याचा दमटपणा आणि विदर्भातील उन्हाळ्याचा ताप दोन्ही त्या कसोटीत असावेत, आणि पदार्थ नापास झाला तरी त्याचा अहवाल प्रसिद्ध करणे सक्तीचे असावे व तो संशोधकाच्या बढतीच्या दफ्तरी सन्मानाने रुजू व्हावा. २०२५ साली केंद्रीय मंत्रिमंडळाने संशोधन व नवोन्मेषासाठी १ लाख कोटी रुपयांची योजना मंजूर केली आहे, पण तिचा रोख बऱ्याच अंशी सिद्ध झालेल्या तंत्राला खाजगी उद्योगामार्फत बाजारात आणण्यावर आहे. निबंध आणि ते सिद्ध तंत्र यांच्यामधला जो पल्ला आहे, त्याला सरकारी खर्चाशिवाय कोणी वाली नाही.

दुसरे, महाराष्ट्राने विशेष काचतंतूंसाठी एक सामाईक कार्यशाळा उभारावी, जिची दारे विद्यापीठांना आणि लहान उद्योजकांना सारख्याच रास्त दराने खुली असतील. छत्रपती संभाजीनगरजवळ शेंद्रा येथे दूरसंचाराच्या तंतूंसाठी प्रीफॉर्म बनविण्याचा मोठा कारखाना आहे, म्हणजे अतिशुद्ध काच हाताळणारे कुशल हात राज्यात आहेत. पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा, मुंबईची आयआयटी, आणि अर्धवाहक नॅनोकणांवर डॉ. सुलभा कुलकर्णी यांच्यासारख्या अभ्यासकांनी जेथे दीर्घकाळ काम केले ते पुणे विद्यापीठ यांच्याकडे पदार्थांचे ज्ञान आहे. लेसर वापरणारे गिऱ्हाईक औद्योगिक वसाहतींत हजर आहे. या तिघांना एका छपराखाली आणणे हे सरकारचे काम आहे, कारण यांपैकी कोणाही एकाला ते परवडणारे नाही.

तिसरे, आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचे, तंत्रज्ञांची कायम पदे निर्माण करावीत. काचतंतू काटकोनात छेदणे, त्याचे टोक भिंगाखाली तपासणे, दोन तंतू विजेच्या ठिणगीने असे सांधणे की सांध्याशी प्रकाश गळू नये, ही हाताची विद्या आहे. ती आज प्रत्येक प्रयोगशाळेत पीएचडीचा विद्यार्थी नव्याने शिकतो आणि पदवी घेऊन निघून जाताना सोबत घेऊन जातो. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून या विद्येचा रीतसर अभ्यासक्रम काढावा, तो पुरा करणाऱ्याला प्रयोगशाळेत सन्मानाचा हुद्दा आणि पोटापुरता नव्हे तर प्रतिष्ठेला साजेसा पगार द्यावा, आणि त्याचे नाव निबंधावर लेखक म्हणून नमूद करावे. चौथे, सरकारी रुग्णालये आणि तंत्रनिकेतने यांच्या लेसर खरेदीच्या निविदांत, ठरलेल्या कसोट्यांना उतरलेल्या देशी यंत्राला काही हिस्सा राखून ठेवावा. पहिला ग्राहक भेटल्याशिवाय कोणताही उद्योग उभा राहत नाही, आणि तो पहिला ग्राहक होण्याचे धारिष्ट्य सरकारनेच दाखवावे लागते.

या चारही सूचनांना लागणारा पैसा आजच्या तरतुदींच्या मानाने अल्प आहे. त्यांना लागणारा वेळ मात्र मोठा आहे, आणि एका अर्थसंकल्पाच्या किंवा एका निवडणुकीच्या मुदतीत त्यांची फळे दिसणार नाहीत. म्हणूनच त्यांची मागणी शास्त्रज्ञांनी एकट्याने करून भागणार नाही. ज्यांच्या कारखान्यात हे यंत्र आज चालते त्या उद्योजकांनी, ज्यांच्या हाती उद्या मुतखड्याची ही शस्त्रक्रिया यावयाची आहे त्या डॉक्टरांनी, आणि ज्यांच्या करातून हा सर्व खर्च होतो त्या नागरिकांनी ती विधिमंडळाच्या पुढील अधिवेशनापूर्वी आपल्या लोकप्रतिनिधींकडे लेखी दाखल करावी. नवा पदार्थ शोधणाऱ्याचा गौरव आपण आजवर मनमोकळेपणाने केला आहे आणि तो यापुढेही व्हावा; परंतु तोच पदार्थ दहा वर्षे बिनतक्रार राबेल असा करणाऱ्याचा गौरव ज्या दिवशी आपण तितक्याच आदराने करू लागू, त्या दिवसापासून आपले निबंध आणि आपले कारखाने एकमेकांच्या उपयोगी पडू लागतील, याविषयी माझ्या मनात संदेह नाही.